रुळावरची सलामी

दिवाळी आली की माणसांना रूळच कसा आठवतो, हे निभाला नोकरीची इतकी वर्षं होऊनही उमगलं नव्हतं. घराला अंगण असतं, अंगणापुढे गल्ली असते, गल्लीपुढे शाळेचं मैदान असतं, पण यांना फटाका फोडायला रूळ हवा. रॉकेटची बाटली दोन रुळांच्या मधोमध रोवायची, कारण खडीत ती छान उभी राहते. सुतळी बॉम्ब रुळावर मांडायचा आणि इंजिन अगदी जवळ आलं की वात पेटवून पळायचं. पळणाऱ्याचं लोक कौतुक करतात. इंजिनात बसलेल्या माणसाच्या छातीत काय होतं ते कुणी विचारत नाही. निभाकडे या लोकांसाठी एक-दोन नेमके शब्द होते, पण ते वॉकीटॉकीवर बोलण्यासारखे नव्हते.

आज ती संध्याकाळची पॅसेंजर चालवत सिरसाडीहकडे निघाली होती. सिरसाडीह म्हणजे तिचं माहेर, तिथल्या रेल्वे कॉलनीतच ती वाढली. गाडी खच्चून भरली होती. दिवाळीनंतर सहा दिवसांनी छठ, सूर्याच्या पूजेचा सण. दिल्लीत, लुधियानात, सुरतेत राबणारा एकूण एक बिहारी माणूस छठेला घरी पोचणार म्हणजे पोचणार, मग दारात लोंबकळावं लागलं तरी बेहत्तर. आजही प्रत्येक दारात माणसं लटकली होती, आणि दोन माणसांच्या मध्ये पूजेची बांबूची सुपं आणि दउऱ्या, म्हणजे टोपल्या.

"दीदी, डावीकडे बघा," तिचा असिस्टंट ड्रायव्हर अफरोज म्हणाला.

शेताच्या बांधावर पाच-सहा बाप्ये उभे होते. पोरं नव्हेत, चांगले मिशावाले. एकाने हातातलंच रॉकेट इंजिनाच्या दिशेने सोडलं. ते काचेवर आपटलं, ठिणग्या उडाल्या, आणि बांधावर टाळ्या पडल्या.

"घरी बायको विचारत नसेल याला," निभा म्हणाली. "म्हणून इंजिनाशी खेळतो."

"मी नाव विचारून येऊ का?"

"तू पुढे बघ. सिग्नल सांग."

अफरोज हसला, पण निभा हसली नाही. या आठवड्यात तिने दोनदा गाडी थांबवली होती. एकदा नदीच्या पुलाजवळ, एकदा वीटभट्टीपाशी. दोन्ही वेळा चाकाखाली धडाका झाला, दोन्ही वेळा तिने ब्रेक लावला, आणि दोन्ही वेळा खाली उतरून पाहिलं तर जळकी सुतळी आणि लाल कागदाचा भुगा. गाडीला उशीर झाला, मागच्या गाड्या रखडल्या. ड्रायव्हरांचे इन्स्पेक्टर सहाय यांनी तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, दिवाळी आहे. फटाके वाजणारच," ते म्हणाले. "तुम्ही काय प्रत्येक फटाक्याला मान देत बसणार आहात?"

"सर, चाकाखाली आवाज झाला की थांबायचं, असा नियम आहे."

"नियम मला शिकवू नका. कान वापरा. तिसऱ्यांदा असं झालं तर पॅसेंजर काढून घेईन. बसा यार्डात डबे ढकलत."

यार्डातून पॅसेंजरवर यायला तिला काय काय सोसावं लागलं होतं, ते सहायांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. परत जायचं म्हणजे सगळ्या डेपोने म्हणायचं, बघा, बाईला जमलं नाही. आणि थांबायचं नाही म्हणजे एक दिवस खरा आवाज कानामागे टाकायचा. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खणणारे भलतेच.

कारण रेल्वेचा स्वतःचा एक फटाका असतो. बूटपॉलिशच्या डबीएवढी चपटी लोखंडी डबी, कागदोपत्री नाव डिटोनेटर. तिच्या दोन बाजूंच्या पत्र्याच्या पट्ट्या वाकवून ती रुळाच्या माथ्यावर बसवतात. चाक वर आलं की असा दणका होतो की मेलेला उठून बसावा. दाट धुक्यात सिग्नल दिसेनासा झाला की त्याच्या अलीकडे ही डबी लावतात, म्हणजे ड्रायव्हरला कळतं, सिग्नल आला. आणि पुढे रूळ तुटला असेल, झाड पडलं असेल, तर एकामागोमाग तीन लावतात. तीन वाजले की ड्रायव्हरने विचार करायचा नसतो, थांबायचं असतं.

हे निभा पुस्तकातून शिकली नव्हती. तिचे वडील सुखदेव मंडल कीमॅन होते. रोज हातोडा खांद्यावर टाकून आपल्या हद्दीतला रूळ चालायचा, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली की ठोकायची, तडा दिसला की गाडी अडवायची, हे त्यांचं काम. पौष-माघात धुकं उतरलं की रुळाकाठी बोरसी, म्हणजे मातीची शेगडी, पेटवून रात्रभर बसायचे आणि डब्या लावायचे. सकाळी घरी आले की अंगाला धुराचा आणि बारुदाचा वास. निभा लहानपणी विचारायची, बाबूजी, ड्रायव्हर नाही थांबला तर? ते म्हणायचे, "थांबतो. त्याला मी दिसत नाही, मला तो दिसत नाही, पण मी वाजवलं की तो थांबतो. एवढ्या एका गोष्टीवर रेल्वे चालते, बबुनी."

त्याच बापाची मुलगी ड्रायव्हर झाली, तेव्हा सुखदेव मंडलांनी कॉलनीतल्या प्रत्येक घरी पेढे वाटले. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच उद्योग, चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, निभाची गाडी कोणती आणि किती वाजता येते. आज प्रथमच ती दिवाळीच्या संध्याकाळी सिरसाडीहवरून गाडी नेणार होती. आईने सकाळी फोनवर सांगितलं होतं, स्टेशनात दोन मिनिटं थांबशील तेव्हा सुरणाचं भरीत आणि पुऱ्या डब्यात घालून कुणाला तरी पाठवते, दिवाळीला सुरण खाल्लं नाही तर पुढच्या जन्मी माणूस चिचुंद्री होतो.

दिवेलागण झाली होती. सिग्नल पिवळा होता, निभाने वेग कमी केला. उजवीकडे कॉलनीच्या गच्च्यांवर पणत्यांच्या रांगा दिसायला लागल्या, आणि तेवढ्यात पायाखालून धडाका झाला.

मग दुसरा. मग तिसरा.

सुतळी बॉम्ब बाहेर फुटतो, कानाला लागतो. हा आवाज खालून आला, इंजिनाच्या लोखंडातून वर चढला आणि दातांत शिरला. हा खरा होता. ओळखायला निभाला वेळ लागला नाही, तरी हात हलायच्या आधी एक क्षण तिच्या मनात यार्ड आलं, सहायांचं तोंड आलं. त्या क्षणाची तिला नंतर फार लाज वाटली. मग तिने इमर्जन्सी ब्रेक ओढला.

गाडी किंचाळत घसरत राहिली. आणखी दणके झाले, चार, पाच, पुढे तिने मोजले नाहीत. एवढे फटाके म्हणजे पुढे काहीतरी भयंकर आहे. रूळच नाही, की नाल्यावरचा पूल गेला? मागे डब्यांतून माणसांचा गलका उठला. गाडी थांबली.

"अफरोज, धोक्याचा दिवा लाव. समोरून दुसरी गाडी येऊ देऊ नको," असं म्हणत ती टॉर्च घेऊन खाली उतरली आणि रुळाच्या कडेने पुढे धावली. रूळ चकाकत होता. तडा नाही, झाड नाही, काही नाही. पुढे मात्र कॉलनीतली पंचवीस-तीस माणसं उभी होती. ती रुळाकडेच बघत होती.

"कुठे तुटलाय?" ती ओरडली. "चाचा, कुठे तुटलाय रूळ?"

"काय तुटलंय?" झपसी चाचांनी विचारलं. झपसी राय म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचे जुने मुकादम, तिच्या वडिलांचे जिवलग. कपाळाला टिळा, अंगावर कडक इस्त्रीचा कुर्ता.

"तुम्हीच फटाके लावलेत ना? पुढे काय झालंय?"

"अगं, काही झालं नाही. सलामी आहे तुला."

त्यांनी हात वर केला आणि मागे ढोल वाजायला लागला. गर्दी बाजूला झाली. झेंडूचा हार दोन्ही हातांवर धरून सुखदेव मंडल पुढे आले. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

निभाला आधी अर्थच लागेना. मग लागला.

रेल्वे कॉलनीत एक जुनी पद्धत आहे. एखादा ड्रायव्हर निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या शेवटच्या फेरीला रुळावर डब्या लावून त्याला सलामी देतात. पण ती आधी ठरवून देतात. ड्रायव्हरला ठाऊक असतं, स्टेशनला ठाऊक असतं, गाडी मुंगीच्या पावलाने येते आणि सगळे हात हलवतात. इथे या शहाण्यांनी मुलीला आनंदाचा धक्का द्यायचं ठरवलं. ज्या आवाजाने ड्रायव्हरला सांगायचं की पुढे मरण आहे, त्याच आवाजाने तिला सांगायचं की बेटी, आम्हाला तुझा अभिमान वाटतो.

"डब्या कुठून आणल्या?" तिने विचारलं.

"मुदत संपलेल्या होत्या," झपसी चाचा खुशीत म्हणाले. "नष्ट करायच्या होत्या. तुझा बाप म्हणाला, नष्ट कशाला, माझ्या पोरीच्या कामी येतील. जपून ठेवल्या बघ. एकही फुसकी निघाली नाही."

"रुळाला खेटून उभे होतात तुम्ही. पत्र्याचे तुकडे उडतात, कुणाचा डोळा गेला असता तर?"

"सणाच्या दिवशी अभद्र बोलू नये."

मागून गार्ड ओझाजी धापा टाकत आले. त्यांनी एका माणसाला दंडाला धरून आणलं होतं. तो दारात लटकला होता, ब्रेक बसला तसा खडीवर पडला. उजवं मनगट भलत्याच कोनात वळलेलं, कपाळातून रक्त. त्याची बायको फुटकी दउरी उराशी धरून मागे रडत होती. त्यांच्यामागे दोन-तीनशे प्रवासी.

"मॅडम, बॉम्ब होता का?" पडलेल्या माणसाने विचारलं. नाव बिंदेश्वर, लुधियानाहून निघालेला. "मी लोडिंगचं काम करतो. हात बरा होईल ना?"

निभाने टॉर्च त्याच्या मनगटावर धरला.

"बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं," गर्दीतला एक जण म्हणाला. "फटाक्याला घाबरली."

"घाबरली नाही हो, माहेर आलं म्हणून उतरली," दुसरा म्हणाला. "बघा, हार घेऊन आलेत."

लोक हसले. आणि कळस म्हणजे, कॉलनीतल्या बायका लाडवांची परात घेऊन प्रवाशांत फिरायला लागल्या. मनगट मोडलेल्या माणसाच्या डाव्या हातातही एकीने लाडू ठेवला. निभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वॉकीटॉकी खरखरला. स्टेशन मास्तर चौबेजी. "का थांबलीस? कंट्रोल माझ्या डोक्यावर बसलाय."

ती काही बोलायच्या आत तेच हळू आवाजात म्हणाले, "आवाज इथपर्यंत आले. सुखदेवचं काम ना? सकाळपासून गालात हसत हिंडत होता, मला शंका आलीच होती. हे बघ, मी लिहितो, गाय आडवी आली. तुझ्यावरही काही नाही, त्याच्यावरही नाही. पोलीस केस झाली तर म्हाताऱ्याची पेन्शन अडकेल."

निभा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. चौबेजींना तेवढं पुरे होतं. झपसी चाचा समाधानाने मान डोलवत म्हणाले, "गाय बरी. गायीला कोण विचारतंय."

आपलेच दात, आपलेच ओठ. निभाने बापाकडे पाहिलं. हार अजून त्यांच्या हातावर होता.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं. "जरा हौस केली, बबुनी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी वाजवलं. म्हटलं, एकदा आपल्या लेकीसाठी वाजवू."

"बाबूजी, मला वाटलं पूल गेला. मला वाटलं, आता सगळे मरणार आणि मी मारणार."

"पण थांबलीस ना. कशी झटक्यात थांबलीस. मी झपसीला म्हटलं होतं, बघ, कशी थांबते ते."

हे ऐकल्यावर तिचा आवाज चढला. "थांबले, आणि त्या माणसाचा हात मोडला. आज थांबले. महिन्याभराने धुकं पडेल. तुमच्या जागेवर जो कोणी पोरगा बसेल, तो थंडीत काकडत माझ्यासाठी तीन डब्या लावेल. तेव्हा मी काय समजू? रूळ तुटलाय, की बाबूजींना माझी आठवण झालीय?"

सुखदेव मंडलांनी हार खाली घेतला.

"गल्लीतली टारगट माणसं फटाके टाकतात, त्यांना मी शिव्या देते. त्यांना काय कळतंय? तुम्हाला कळत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, बाबूजी."

"सगळ्यांसमोर बापाला असं बोलू नये," झपसी चाचा म्हणाले.

"मग सगळ्यांसमोर असं करूही नये. अजून किती डब्या आहेत रुळावर?"

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. झपसी म्हणाले, शेवटच्या सुखदेवने लावल्या. सुखदेव म्हणाले, पलीकडच्या वळणावर तूच गेला होतास. थोडा वेळ तोच वाद चालला. शेवटी दोघांनी टॉर्च घेऊन पुढचा रूळ धुंडाळला, पट्ट्या सरळ करून उरलेल्या डब्या काढल्या, खिशात टाकल्या आणि परत येऊन सांगितलं, आता एकही नाही. बिंदेश्वरला गार्डच्या डब्यात बसवलं, स्टेशनात डॉक्टर बोलावून ठेवायला सांगितलं. हार कुणाच्या गळ्यात पडला नाही. निभा इंजिनात चढली आणि गाडी माणसाच्या चालीने सोडली.

अफरोज म्हणाला, "गाय लिहिली ते बरं झालं, दीदी. नाहीतर सहाय साहेब..."

"हं," निभा म्हणाली. त्या गायीची तिला शिसारी आली होती. मूग गिळून बसायला आपण कधी शिकलो, असं तिच्या मनात येत होतं.

वळणावर पायाखाली धडाका झाला.

एकच. निभाने ब्रेक लावला. गाडी चालीवरच होती, जागच्या जागी थांबली.

"दीदी, हा त्यांचाच राहिलेला," अफरोज म्हणाला.

"माहीत आहे."

"मग थांबलात कशाला? पुढे काही नाही."

"ते तुला आवाजावरून कळलं?"

मागे डब्यांतून शिव्यांचा पाऊस सुरू झाला. कुणीतरी ओरडलं, पुन्हा माहेर आलं काय? कॉलनीच्या बाजूला मात्र ढोल वाजला नाही, कुणी हसलं नाही. टॉर्चचा एक उजेड रुळाच्या कडेने हेलकावत धावत येत होता.

वॉकीटॉकीवर चौबेजी होते. "आता काय? दुसरी गाय?"

"गाय नाही," निभा म्हणाली. "पहिलीही नव्हती. ते खोडा. दोन्ही वेळा रुळावर डिटोनेटर फुटले म्हणून गाडी थांबवली. एक प्रवासी जखमी आहे. लिहून घ्या."

"बेटी, विचार कर. नाव द्यावं लागेल."

टॉर्च इंजिनाच्या खिडकीखाली येऊन थांबला. सुखदेव मंडल धापा टाकत खिडकीकडे वर बघत होते. निभाने खिडकी बंद केली नाही.

"सुखदेव मंडल, निवृत्त कीमॅन," ती म्हणाली. "झपसी राय, निवृत्त मुकादम. राहणार रेल्वे कॉलनी."

पलीकडे चौबेजींनी सुस्कारा सोडला. "सुखदेव तुझा कोण लागतो, तेही लिहू का?"

"लिहा. वडील."

खाली सुखदेव मंडलांनी मान खाली घातली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बरोबर केलंस. एक तरी राहतेच, मोजायला चुकलो. आता मी पुढे चालतो. रूळ बघतो. तू माझ्या मागून गाडी आण. हा रूळ माझ्या पायाखालचा आहे."

ते दोन रुळांच्या मध्ये गेले आणि इंजिनाच्या उजेडात उभे राहिले. हातोडा खांद्यावर असावा तसा त्यांचा एक खांदा वर होता. तो खांदा निभाच्या लहानपणापासून ओळखीचा होता, आणि त्याचाही तिला रागच आला.

"अफरोज, खाली उतर," ती म्हणाली. "स्टेशनपर्यंत तू पुढे चालायचं. एकेक जोड बघत."

अफरोज उतरला. म्हातारा बाजूला होईना.

"बाबूजी," निभा खिडकीतून म्हणाली, "रुळावरून बाजूला व्हा. तिथे फक्त रेल्वेच्या माणसाने उभं राहायचं असतं."

सुखदेव मंडलांनी वर धरलेला खांदा खाली सोडला. मग रूळ ओलांडून खाली उतरले, आणि अफरोज टॉर्च घेऊन पुढे चालू लागला.